गच्चीवरचा गॉडझिला: राक्षसपट आणि ॲनिमेशनपट नव्यानं बघणाऱ्यांसाठी

"कार्टूनच आहे, पोरांना पुढं बसवा," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि तिथंच फसलो. काही वर्षांखालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी, परभणीतली आमची गच्ची, आजोबांचं जुनं पांढरं धोतर दोरीला ताणून बांधलेलं, समोर उसना आणलेला प्रोजेक्टर आणि सतरंजीवर गल्लीतली दहा-बारा पोरं. लावला होता 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. युद्धात आई गेलेल्या भाऊ-बहिणीची, उपासमारीची गोष्ट. तासाभरात अर्धी पोरं मुसमुसायला लागली. एक जण तर "मला घरी जायचंय" म्हणून जिन्याकडं पळालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. "दिवाळीत असलं दाखवतंय का रे कोणी?"

काकूंचं बरोबर होतं. नंतर कळलं, की १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये हा चित्रपट 'माय नेबर तोतोरो'सोबत एकाच तिकिटावर दाखवला होता. मी दुसरा लावला असता तर पोरं हसत घरी गेली असती. घिब्ली या एकाच जपानी स्टुडिओचे, एकाच दिवशी आलेले दोन चित्रपट, दोन्ही हातानं काढलेले. 'कार्टून' या एका शब्दात दोन्ही बसवणं म्हणजे भारूड आणि हरिपाठ एकच म्हणण्यासारखं झालं.

तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांनी शिनचॅन-डोरेमॉन पाहिलंय, हिंदी डबमध्ये गॉडझिला आणि काँगची मारामारी पाहिलीय, आणि आता या दुनियेत नीट उतरायचंय. मुरलेले शौकीन बोलत बसले की त्यांच्यात बसून चार शब्द आपलेही बोलता यावेत, एवढीच अपेक्षा ठेवा. मी दोन्ही प्रकार मुद्दाम एकत्र घेतोय. लोकांना वाटतं, महाकाय राक्षसांचे चित्रपट एकीकडं आणि जादुई ॲनिमेशन दुसरीकडं. ही एकाच वाड्यातली दोन घरं आहेत, मधली भिंत पण अर्धीच आहे. त्याचा पुरावा पुढं देतो.

पहिली पायरी: तुम्ही नवे नाही आहात

हे आधी पक्कं करा, म्हणजे बुजरेपणा जातो. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर मोगली बघितला असेल, तर तुम्ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघितलाय. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची मालिका. शीर्षकगीत तेवढं आपल्या गुलजारांचं. पॉवर रेंजर्स बघून खाटेवरून उड्या मारल्या असतील, तर तुम्ही 'टोकुसात्सू' बघितलंय, म्हणजे पोशाख घालून, छोटी शहरं बांधून, खऱ्याखुऱ्या धुरळ्यात केलेलं जपानी ट्रिक शूटिंग. त्या मालिकेतली राक्षसांची नि यंत्रमानवांची कितीतरी दृश्यं थेट जपानी मालिकांतून उचललेली असायची.

आणि युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेलं जपानी-भारतीय 'रामायण' टीव्हीवर पाहिलं असेल, तर त्यातला कुंभकर्ण आठवा. तो उठतो, चालतो, वानरं त्याच्या अंगावर मुंग्यांसारखी चढतात. जपानी भाषेत अशा प्राण्याला 'कैजू' म्हणतात, शब्दशः विचित्र पशू. कुंभकर्णाला कैजू म्हटलं तर आमच्या आजीला पटणार नाही, पण मला पटतं.

(जाता जाता: १९६६ मध्ये हिंदीतही 'गोगोला' नावाचा समुद्रातल्या राक्षसाचा चित्रपट निघाला होता. चित्रपट हरवला, गाणी तेवढी राहिली. चार शौकिनांत हे नाव सोडून बघा, लगेच दोघं-तिघं तुमच्याकडं वळतील.)

दुसरी पायरी: चारच चित्रपट, याच क्रमानं

गॉडझिलाचे एकट्या जपानचेच तीसच्या वर चित्रपट आहेत. "पहिल्यापासून सगळे ओळीनं बघ," असा सल्ला देणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही. सातव्या-आठव्या चित्रपटापाशी तुम्ही कंटाळून सोडून द्याल. मी चार सांगतो.

आधी 'तोतोरो' बघा, १९८८ चा, हायाओ मियाझाकींचा. ८६ मिनिटं. यात खलनायक नाही, लढाई नाही. आई दवाखान्यात आहे, दोन बहिणी नव्या गावात राहायला आल्यात आणि शेजारच्या रानात एक अवाढव्य, केसाळ, झोपाळू प्राणी आहे. पहिल्यांदा बघताना आपण सारखे वाट बघतो, की आता काहीतरी भयंकर होणार. ती सवय मोडायला हा चित्रपट पहिला.

मग एकदम १९५४ चा मूळ 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव), इशिरो होंडांचा. कृष्णधवल, ९६ मिनिटं. जपानीच बघा. १९५६ मध्ये अमेरिकेत त्याची कापाकापी करून, मध्ये एक अमेरिकन पत्रकार घुसडून वेगळी आवृत्ती काढली होती. ती नंतर कधीतरी गंमत म्हणून बघा. नाव 'गोरिला' आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या जोडणीतून आलंय. नाव विनोदी आहे, चित्रपट अजिबात नाही.

तिसरा 'स्पिरिटेड अवे', २००१. बर्लिनचं सुवर्ण अस्वल आणि ऑस्कर, दोन्ही मिळवलेला. चौथा 'गॉडझिला मायनस वन', २०२३, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. याला २०२४ मध्ये दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. तोवर गॉडझिलाच्या कुठल्याच चित्रपटाला ऑस्कर मिळालं नव्हतं. साधारण ३५ जणांच्या चमूनं ६१० शॉट केले आणि त्या चमूचा प्रमुख स्वतः दिग्दर्शकच होता. हॉलिवूडमध्ये तेवढी माणसं चहापाण्यालाच असतील.

हे शेवटचे दोन प्रत्येकी सव्वादोन तासांच्या आतले आहेत. एका बैठकीत एकच. दोन लावले की दुसऱ्याच्या वेळी निम्मी मंडळी घोरत असतात.

हॉलिवूडचे गॉडझिला-काँग? बघा की, खुशाल बघा. २०१४ च्या चित्रपटात काही जागा फार चांगल्या आहेत. पण तिथून सुरुवात केली की डोळ्याला फक्त गुद्दागुद्दीची सवय लागते आणि मग १९५४ चा गोजिरा संथ वाटतो. उलटं मात्र होत नाही.

तिसरी पायरी: बसण्याची सोय

हे पटकन सांगतो. ऊन उतरल्यावर, रात्री साडेआठच्या पुढं बसा. मे महिन्यात गच्चीची फरशी नऊपर्यंत चटके देते, तेव्हा संध्याकाळीच दोन बादल्या पाणी मारून ठेवा. पाणी असेल तर. जुन्या धाटणीचा दिव्याचा प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे वॅट खातो, घरातला इन्व्हर्टर त्यावर फार वेळ टिकत नाही. छोटा एलईडी प्रोजेक्टर किंवा साधा टीव्ही बरा. पडद्याच्या कापडाला खालून काठी बांधा, नाहीतर वाऱ्यानं गॉडझिला पोटातून हलतो. खायला सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) करा, थंड झाली तरी चालते. कुरकुरीत काही आणू नका, शांत प्रसंगात सगळ्या गच्चीला ऐकू जातं.

चित्रपट अधिकृत ठिकाणीच शोधा. घिब्लीचे बरेचसे चित्रपट २०२० पासून नेटफ्लिक्सवर भारतात आले. बाकीचे कुठं आहेत ते आदल्या दिवशीच तपासून ठेवा, ऐनवेळी बारा जणांसमोर शोधाशोध नको. आणि एक लक्षात ठेवा: ते खातं घरगुती वापरासाठी असतं. घरात चार मित्र बसले तर प्रश्न नाही. गणपती मंडळात, शाळेत, हॉलमध्ये किंवा तिकीट लावून दाखवायचं असेल, तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची लेखी परवानगी लागते.

आता डब की सबटायटल, या भांडणाबद्दल. शौकिनांत यावरून मैत्र्या तुटल्यात. माझं मत असं: लहान मुलं असतील तर हिंदी डब, बाकी सगळ्यांना मूळ जपानी आवाज. पण आमच्याकडं तिसरीच अडचण निघाली. आजी. तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि जिना चढून वर यायची हौस मात्र सगळ्यांत जास्त. मग मी तिच्या कानाशी बसून मराठीत सांगायला लागलो.

"काय म्हणायलीय ती?"

"म्हणतीय, बाबा, रानात मला मोठ्ठा प्राणी दिसला."

"मग बाप काय म्हणतो?"

"म्हणतो, नशीबवान आहेस, तो सगळ्यांना नाही दिसत."

"शहाणा बाप आहे," आजी म्हणाली आणि पाय लांब करून बसली.

नंतर समजलं, की हे काम करणारे लोक जपानमध्ये मूकपटांच्या काळात पगारी असायचे. त्यांना 'बेन्शी' म्हणत. पडद्याशेजारी उभं राहून ते गोष्ट सांगायचे, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचे, आणि लोक नटापेक्षा बेन्शीच्या नावावर तिकीट काढायचे. तुमच्या घोळक्यात गोष्ट रंगवून सांगणारा एखादा असतोच, त्याला हे काम द्या. फक्त मारामारीत त्याला गप्प बसवा.

चौथी पायरी: वजन बघा

या लेखातली एकच पायरी ठेवायची म्हटलं तर मी ही ठेवीन. नवा माणूस राक्षसाची उंची बघतो. उंची बघू नका, वजन बघा. (फायलीवर ठेवतात ते नव्हे.)

उंचीचं काय, ती कागदावर लिहिता येते. पहिला गॉडझिला ५० मीटरचा, म्हणजे १६४ फूट. दौलताबादचा चाँद मिनार २१० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे तो किल्ल्यात घुसला असता तर मिनाराखाली उभा राहून त्याला वरच बघावं लागलं असतं. २०१६ च्या चित्रपटातला गॉडझिला ११८.५ मीटरचा, मिनाराच्या जवळपास दुप्पट. पण दुप्पट उंचीचा म्हणून दुप्पट भीती वाटते का? भीती वाटते, ती पाऊल टेकल्यावर जमीन दबल्यासारखी वाटते तेव्हा.

हे वजन आणलं कसं, ते हातानं करून बघा. पाच मिनिटांचा प्रयोग आहे. शेतातलं एक सुकं ढेकूळ घ्या, साधारण मुठीएवढं. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाका आणि मोबाइलवर साध्या वेगानं शूट करा. बघितल्यावर काय दिसतं? ढेकूळ पडलं. आता तेच मोबाइलच्या स्लो मोशनवर, सेकंदाला १२० फ्रेमनं शूट करा आणि संथ करून बघा. ढेकूळ सावकाश खाली येतं, टेकताना आधी एक बाजू खचते, मग भेगा जातात, मग मोठे तुकडे उलटेपालटे होत पसरतात आणि धूळ मागून उठते. मोबाइल जमिनीलगत ठेवला असेल तर ते ढेकूळ राहत नाही, बुरूज होतो.

एजी त्सुबुराया नावाच्या ट्रिक शूटिंगच्या उस्तादानं १९५४ मध्ये हेच केलं. त्यांना खरं तर १९३३ च्या 'किंग काँग'सारखं बाहुली एकेक फ्रेम हलवून करायचं होतं, पण त्याला वेळ नि पैसा दोन्ही नव्हतं. मग माणसाला पोशाख घातला आणि टोकियो शहर पंचविसाव्या हिश्शानं लहान बांधलं. हिशोब साधा आहे: २ मीटरचा पोशाख गुणिले २५, म्हणजे ५० मीटर. पंचवीस पट मोठी वस्तू पंचवीस पट उंचीवरून पडली तर तिला पाच पट वेळ लागतो. म्हणून कॅमेरा जोरात फिरवायचा आणि चित्रपट नेहमीच्या वेगानं दाखवायचा. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट आणि तुमच्या मोबाइलचे १२० फ्रेम, बरोबर पाच पट! खिशात त्सुबुरायांचा कॅमेरा घेऊन फिरताय आणि त्यावर वरातीचे व्हिडिओ काढताय.

आवाजालाही वजन असतं. गॉडझिलाची ती आरोळी कुठल्या जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या डोक्यातली युक्ती होती: डबल बास या थोराड तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यावर घासला. पुढच्या वेळी डोळे मिटून ऐका, मोजा घासल्याचा तो ओरखडा सापडतो.

आता वाड्याचं दुसरं घर. कागदावरच्या चित्राला वजन कसं येणार? 'तोतोरो'त धाकटी मेई झाडाच्या ढोलीतून घसरत त्या प्राण्याच्या पोटावर पडते. पोट थोडं दबतं आणि त्याच्या श्वासाबरोबर ती वर-खाली होत राहते. चित्रकारानं फक्त ते वर-खाली होणं नीट काढलंय, आणि आपल्याला त्या पोटाची ऊबसुद्धा कळते. बस थांब्यावरच्या पावसाच्या प्रसंगात तर कमाल आहे. तोतोरोला छत्रीवर टपटपणारे थेंब आवडतात, मग तो एकच उडी मारतो. धप्प! जमीन हलते आणि झाडांवरचं साठलेलं सगळं पाणी एकदम कोसळतं. तोतोरोचं वजन झाडांनी सांगितलं.

त्या उडीच्या आधी बराच वेळ काहीच घडत नाही, तेही बघा. मियाझाकींनी रॉजर इबर्ट या अमेरिकन समीक्षकाशी बोलताना टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या: दोन टाळ्यांच्या मधली जी जागा, ती 'मा'. ही जागा आपल्याला अनोळखी नाही. कीर्तनकार ऐन रंगात थांबतो, उपरणं सारखं करतो, पाण्याचा घोट घेतो आणि सगळा मंडप श्वास धरून बसतो. तो घोट म्हणजे 'मा'.

पाचवी पायरी: वेरूळला जा, पळणारी दासी शोधा

हा सल्ला तुम्हाला दुसरीकडं मिळणार नाही, म्हणून सविस्तर. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी वेरूळला जा (मंगळवारी लेणी बंद, अजिंठा सोमवारी). सोळाव्या लेण्यात, कैलासात, दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. सगळे रावणाच्या हातांचे फोटो काढतात. तुम्ही वर बघा. पार्वतीनं घाबरून शिवाचा हात धरलाय, शिव निवांत, आणि मागं एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय.

ती दासी झाकून बघा, हाताचा पंजा डोळ्यासमोर धरून. पर्वत हलायचा थांबतो. हात काढा, पर्वत परत हलतो.

बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला जे उमगलं होतं, तेच प्रत्येक चांगल्या राक्षसपटात सापडतं. १९५४ च्या गोजिरात राक्षस पहिल्यांदा दिसतो तो नुसता डोंगरामागून वर आलेलं डोकं म्हणून. खरा प्रसंग आहे तो उतारावरून पडत-धडपडत पळणाऱ्या गावकऱ्यांचा. आमच्या गच्चीवर आता हा शब्दच झालाय. कुणी नवा चित्रपट बघून आलं की पहिला प्रश्न: "दासी आहे का?" नसेल, तर नुसत्या दोन रबरी किंवा संगणकी आकृत्या एकमेकींना ढकलत असतात आणि इमारती पत्त्यांसारख्या पडतात. त्यात कोणी राहत होतं असं वाटतच नाही.

सहावी पायरी: बोलायचं कसं

चित्रपट संपल्यावर दिवा लावायची घाई नको. श्रेयनामावली चालू द्या. मग गोल बसा आणि प्रत्येकानं एकच दृश्य सांगायचं, जे डोळ्यांपुढून जात नाही. "मस्त होता", "बोअर होता" हे त्या फेरीत चालत नाही. आमच्याकडं एक गंगाखेडची मैत्रीण येते. 'स्पिरिटेड अवे'मध्ये घाणीनं लडबडलेला एक दुर्गंधी पाहुणा न्हाणीघरात येतो, त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढून काढतात, मागोमाग ढीगभर कचरा निघतो, आणि कळतं की तो नदीचा देव आहे. तिची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमच्या घाटावर गोदावरीतून परवा अशीच मोपेड काढली." पुढचा अर्धा तास चित्रपट बाजूलाच राहिला, आणि तरीही त्याच्यावरच बोलणं चाललं होतं.

काही रीतभात सांगून ठेवतो. ज्यानं पाहिलेला नाही त्याच्यासमोर शेवट फोडू नका. १९५४ चा असला तरी. "काय ते रबराचं सोंग" म्हणून हसू नका, आणि दुसरा हसला तर त्याच्यावर धावूनही जाऊ नका, त्याला ढेकळाचा प्रयोग दाखवा. "कोण जिंकेल, गॉडझिला की काँग" हा वाद चहाबरोबर ठीक आहे. मला त्यात रस नाही, कारण त्याचं उत्तर पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात असतं. पण आमच्यातली दोघं त्यावर चौदा महिने भांडतायत, आणि खरं सांगायचं तर गच्चीवर नियमानं येणारीही तीच दोघं आहेत.

खरा प्रश्न वेगळा: हा राक्षस कुठून आला? कथेतला समुद्र किंवा बेट नव्हे. लोकांच्या मनात कुठून आला? १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'लकी ड्रॅगन ५' या जपानी मासेमारी बोटीवर त्याची राख पडली. २३ खलाशी आजारी पडले, सप्टेंबरात त्यातला एक गेला. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' लागला आणि त्याच्या सुरुवातीलाच समुद्रात एक जहाज पेटतं. त्या प्रेक्षकांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नसणार. हिरोशिमा-नागासाकीला नऊच वर्षं झाली होती.

हे मी पुस्तकी वाचून सांगायचो. एकदा मित्राचे मामा आले होते, औसा तालुक्यातले. जळलेलं टोकियो, दवाखान्यात दाटीवाटीनं पडलेली माणसं, मुलांना पोटाशी धरून बसलेली आई, हे सगळं त्यांनी न बोलता बघितलं. फेरी त्यांच्यापाशी आली. म्हणाले, "आमच्याकडं गणपती बुडवून आलो होतो रातच्याला." सगळ्यांना कळलं, ते ३० सप्टेंबर १९९३ बद्दल बोलतायत. अनंत चतुर्दशीची रात्र, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. जवळपास दहा हजार माणसं गेली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ह्यांना दिसला तरी. आम्हाला तर काय आलं तेच दिसलं न्हाई. भुईवर राग तरी कसा धरावा?"

राक्षस कशासाठी लागतो, याचं याहून नेमकं उत्तर मी कुठं वाचलेलं नाही. त्यानंतर कुणी त्या पोशाखाला हसलं नाही.

नवीन माणसानं एवढं एक सांभाळावं: बसलेल्यांत कुणाच्या अंगावर काय येऊन गेलंय ते आपल्याला माहीत नसतं. आधी थोडक्यात सांगा, आज काय बघणार आहोत. मी फायरफ्लाइजच्या वेळी नाही सांगितलं.

आणि ती अर्धी भिंत

चार चित्रपट झाले की पुढचे दोन जोडीनं बघा. १९८४ चा मियाझाकींचा 'नौसिका' (घिब्ली स्टुडिओ पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये निघाला). त्यात शेवटाकडं एक महाकाय योद्धा अर्धवट अवस्थेत उठवतात. तो चालता चालता वितळत असतो, अंगाचे लगदे गळत असतात आणि त्या स्थितीत तो आग ओकतो. ते दृश्य हाताखालच्या एका तरुण चित्रकारानं काढलं. नाव हिदेआकी आन्नो. बत्तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच आन्नोनं शिंजी हिगुचीसोबत 'शिन गॉडझिला' केला. त्यातला राक्षसही समुद्रातून अर्धाकच्चा येतो, कल्ल्यांतून रक्त सांडत सरपटतो आणि मग घडत जातो. दोन्ही दृश्यं एकापाठोपाठ लावा. हात एकाचाच आहे, हे सांगायची गरज पडत नाही.

'शिन गॉडझिला' मराठवाड्यातल्या माणसाला जपानी माणसाइतकाच कळतो, अशी माझी खात्री आहे. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमानंतरचा तो चित्रपट. राक्षस शहरात शिरलाय, आणि साहेब लोक बैठक घेतायत. मग ती बैठक उठून दुसऱ्या खोलीत जाते, तिथं तेच लोक वेगळ्या समितीच्या नावानं बसतात. परवानगी कोणी द्यायची, कोणत्या खात्यात हे बसतं, यावर खल चाललाय. आमच्या गच्चीवर सेलूचे एक शेतकरी गृहस्थ होते. दुसऱ्या बैठकीलाच त्यांनी मांडीवर थाप मारली, "आता पंचनामा कधी करतेत बघा!" तिथून पुढं सगळे हसून बेजार. ज्यानं वाळलेल्या सोयाबीनच्या बांधावर उभं राहून कुणाची तरी वाट बघितलीय, त्याला या चित्रपटात सबटायटलचीही गरज लागत नाही.

थोडा सराव झाला की छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जाऊन या. तिथं राक्षस क्वचितच भेटतो, पण चित्रपट बघून चहाच्या टपरीवर तास-तास बोलणारी माणसं भेटतात. त्यातली दोन-तीन आमच्या गच्चीला जोडली गेली.

राहिली आजी. ज्या रात्री मूळ गोजिरा लावला, त्या रात्री मी बेन्शी होतो. चित्रपट संपला. जुन्या चित्रपटात नावं सुरुवातीलाच येतात, म्हणून मी ती परत लावली, नावं सरकत होती. तिनं विचारलं, "त्या सोंगात माणूस होता म्हणतोस ना? कोण होता?"

मी सांगितलं, हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख शंभर किलोच्या आसपास होता, आत काही मिनिटांवर थांबता यायचं नाही. १९५४ पासून १९७२ पर्यंत बारा चित्रपटांत तोच आत होता.

आजीनं बोटांवर हिशोब केला. तिच्या माहेरी बहुरूपी यायचे, त्यांना ती अजून नावानिशी ओळखते.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "आणि तोंड एकदाबी दिसलं न्हाई?"

"सोंगात तर नाही."

"मग थांब. नाव येऊ दे त्याचं." आणि नावं संपेपर्यंत, एक अक्षर वाचता येत नसताना, ती त्या जपानी नावांकडं बघत बसली.